पोतेऱ्याची परीक्षा

आदिलाबादहून निर्मलकडे निघालं की वीसेक किलोमीटरवर गुडीहत्नूर लागतं. डावीकडचा रस्ता इंद्रवेल्लीवरून उटनूरला जातो आणि सरळ जातो तो राष्ट्रीय महामार्ग ४४. दिवाळी उरकली की या फाट्यावरून कापसाच्या गाड्या सुरू होतात. ट्रॉलीवर ताडपत्री कितीही आवळली तरी फटीतून बोंडभर कापूस निसटतोच, आणि रस्त्याकडेच्या बाभळींना भलत्याच मोसमात पांढरा बहर येतो. चहाच्या टपरीवर मराठी, तेलुगु आणि गोंडी एकाच बाकड्यावर बसलेल्या असतात, पण प्रश्न तिन्ही भाषांत एकच: ओल किती लागली? कापूस महामंडळ, म्हणजे सीसीआय, आठ टक्के ओलाव्यापर्यंत पूर्ण हमीभाव देतं, पुढे बारापर्यंत टक्क्यागणिक कापतं आणि बाराच्या वर घेतच नाही. हा आठचा आकडा लक्षात असू द्या, पुढे त्याच्याशी काम आहे.

हा महामार्ग मोठा गमतीचा आहे. श्रीनगरहून कन्याकुमारीला जाणाऱ्या याच रस्त्यावर उत्तरेला लुधियाना आणि पानिपत आहे, मध्ये हिंगणघाट आणि नागपूर, आणि दक्षिणेला तमिळनाडूतलं करूर. लुधियानाला होजिअरी, करूरला पडदे-चादरी, आणि पानिपतला जगभरच्या जुन्या कपड्यांच्या चिंध्या करून पुन्हा सूत काढणारे कारखाने. म्हणजे कापडाचा जन्म, तारुण्य आणि पुनर्जन्म एकाच डांबरी पट्ट्यावर. गुडीहत्नूर त्यात जन्मस्थानी.

कापड उद्योगात हल्ली 'चक्रीय अर्थव्यवस्था' हा शब्द फार ऐकू येतो. अर्थ साधा आहे. आज कापडाचा प्रवास सरळ रेषेत होतो: शेत, गिरणी, दुकान, कपाट, उकिरडा. ही रेघ वाकवून तिचं शेवटचं टोक पहिल्या टोकाला जोडायचं, एकदा काढलेला माल होईल तितका काळ वापरात ठेवायचा. एलन मॅकआर्थर फाउंडेशनने २०१७ मध्ये अहवाल काढला, तेव्हा जगात कपड्यांसाठी लागणाऱ्या मालापैकी एक टक्काही पुन्हा नव्या कपड्यात जात नव्हता. साल २००० ते २०१५ या पंधरा वर्षांत कपड्यांचं उत्पादन मात्र जवळपास दुप्पट झालं होतं. चिलीच्या अटाकामा वाळवंटातले कपड्यांचे ढिगारे फोटोत पाहिले असतील, ते या रेघेचं दुसरं टोक. आपण पहिल्या टोकाशी राहतो, म्हणून इथूनच सुरुवात करू.

एक क्विंटल कापूस जिनिंगमध्ये घातला की रुई निघते साधारण चौतीस किलो. सरकी त्याच्या जवळपास दुप्पट, आणि उरलेला एखाद-दोन किलो कचरा, धूळ. १७० किलोची एक गाठ बांधायला पाच क्विंटल कापूस लागतो तो यामुळे. म्हणजे आपण ज्याला कापसाचं पीक म्हणतो ते वजनाने पाहिलं तर सरकीचं पीक आहे, आणि सरकी कुणीच फेकत नाही. शंभर किलोंतून दहा-बारा किलो तेल निघतं, बाकी पेंड होते. सरकीत गॉसिपॉल नावाचं विषारी द्रव्य असतं. कोंबडीला, डुकराला ते बाधतं. रवंथ करणारी म्हैस बेताने दिलेली पेंड पचवून टाकते. तेव्हा टपरीवरच्या चहातल्या दुधातही कापसाचा वाटा असतो. सरकीच्या अंगावर उरणारे बारीक तंतू यंत्राने काढले तर त्यांचा औषधी कापूस होतो, उत्तम कागद होतो. आपल्या खिशातली नोटसुद्धा लाकडाच्या लगद्याची नसून शंभर टक्के कापसाच्या कागदाची असते. या बाजूला चक्र कुणी शिकवायला नको. ते पैशाने फिरतं.

अडतं पऱ्हाटीपाशी. वेचण्या संपल्या की शेतात उरते ती वाळकी पऱ्हाटी, हेक्टरी दोन-तीन टन. पूर्वी तिचं कुंपण व्हायचं, छपरात जायची आणि उरलेली वर्षभर चुलीत. घराच्या मागे तिची गंजी रचलेली नाही असं घर या पट्ट्यात नव्हतं. 'काहीही वाया न घालवणारा आमचा शेतकरी' वगैरे लिहायला हे चित्र फार सोयीचं आहे. पण याच गंजीतल्या किडक्या बोंडांत गुलाबी बोंडअळी झोपून राहते. पुढच्या पावसाळ्यात तिचा पतंग होतो आणि शेजारच्या नव्या कपाशीवर बसतो. २०१७ च्या हंगामात विदर्भात आणि तेलंगणात या अळीने हाहाकार केला, आणि तेव्हापासून कृषी खातं ओरडून सांगतंय: फरदड, म्हणजे जुन्याच झाडांवर लांबवलेलं पीक, घेऊ नका, जानेवारीपर्यंत पऱ्हाटी उपटा, गंजी लावू नका. जुनं चक्र किडीलाही फिरवत होतं, हे मान्य करावं लागतं. जुनं ते सगळं सोनं नसतं.

मग जाळायची? बरेच जण जाळतात. मुंबईत माटुंग्याला केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्था आहे, १९२४ साली स्थापन झालेली, सगळे तिला सिरकॉट म्हणतात. तिथल्या शास्त्रज्ञांनी पऱ्हाटीपासून पार्टिकल बोर्ड, इंधनाच्या विटा आणि गोळ्या, खत, अगदी धिंगरी अळिंबीसुद्धा घेऊन दाखवली. पऱ्हाटीचा भुगा दाबून इंधन केलं की अळीही मरते आणि चूलही पेटते. अडचण विज्ञानाची नाही, वाहतुकीची आहे. पऱ्हाटी हलकी आणि फुलारलेली, ट्रॉली दिसायला गच्च भरते आणि वजन भरतं नावाला. वीस-तीस किलोमीटर नेली की भाड्यातच पैसे संपतात. म्हणून यंत्र शेतात यायला हवं, पऱ्हाटी यंत्राकडे जायला नको. बांधावर भुगा करून पोत्यात भरला तरच हिशेब बसतो. नागपुरात शेतातल्या काडीकचऱ्याच्या विटा दहनघाटावर लाकडाऐवजी वापरतात, त्यांना 'मोक्षकाष्ठ' असं नावही दिलंय. मला ते नाव फार आवडलं.

आता घरात येऊ. आदिलाबाद जिल्हा हा तेलंगणातला थंडीचा जिल्हा. राज्यातलं सगळ्यात कमी तापमान डिसेंबर-जानेवारीत बहुतेक इथल्याच कुठल्या तरी गावाच्या नावावर असतं. त्यामुळे अंथरूण-पांघरुणाचं महत्त्व इथे विशेष. माझ्या आजीचं नऊवारी लुगडं मधोमध विरलं की ती ते फाडून दांड घालायची: विरलेला भाग काढून चांगल्या कडा एकमेकींना जोडायच्या, आणखी वर्षभराची सोय. दांड घातलेलं लुगडंही थकलं की त्यातून परकर, झबलं, बाळाचं दुपटं. त्याहून मऊ झालेल्या तुकड्याचं बाळोतं. उरलेलं गोधडीत. आम्ही वाकळ म्हणतो, तेलुगु शेजारीण तिला बोंत म्हणते, वस्तू तीच. दोन साड्यांच्या मध्ये जुनी धोतरं-लुगडी अंथरून कडेपासून आत-आत धावदोरा घालत जायचं. वाकळ फाटली की डोक्यावरच्या घागरीखाली चुंभळ, चुलीपाशी फडकं, आणि सगळ्यात शेवटी पोतेरं. पोतेरं सारवणाच्या पाण्यात बुडून बुडून विरघळायला आलं की परसात मातीला मिळायचं. जमीन ते जमीन, चक्र पूर्ण. पुण्यात शिवाजीनगरला हातकागद संस्था आहे. १९४० पासून ती सुती चिंध्यांचा कागद करते, म्हणजे चिंधीलाही पोतेऱ्याहून बरं स्थळ मिळू शकतं.

या उतरंडीत प्रत्येक पायरीला एक कसोटी होती: कापडाने पाणी प्यायला हवं. बाळोतं, फडकं, पोतेरं, सगळ्यांचा धंदाच पाणी पिण्याचा. इथे तो आठचा आकडा परत येतो. कापूस म्हणजे सेल्युलोज, आणि सेल्युलोजचे रेणू पाण्याच्या रेणूंना धरून ठेवतात. साध्या मोकळ्या हवेतसुद्धा रुई आपल्या वजनाच्या साधारण साडेआठ टक्के ओल बाळगते. पॉलिस्टर अर्धा टक्काही धरत नाही. बाजारात ओलावामापक जे मोजतो आणि आजी बाळोतं निवडताना बोटांनी जे चाचपायची, तो एकच गुण. ऐंशीच्या दशकात गावागावांत टेरिकॉट, नायलॉन, पॉलिस्टर आलं. साडी विरत नाही, चुरगळत नाही, रंग जात नाही, धुतली की घटकेत वाळते. बायकांचे कष्ट त्याने खरोखर वाचले, त्याला नाक मुरडणं हा शहरी चोचला आहे. पण त्या साडीचं पोतेरं होत नाही. माझी मावशी म्हणते तसं, 'फाटंनाबी आन् पाणीबी पीईना.' पहिल्या मालकिणीला जो गुण वाटतो तोच पुढच्या पायरीवर दोष ठरतो. उतरंड मोडली ती लोक उधळे झाले म्हणून नाही. खालच्या पायरीवर उभं राहू शकेल असं कापडच वरून यायचं थांबलं.

गादीचीही हीच गोष्ट. पूर्वी दारावर पिंजारी यायचा, कमठा खांद्यावर आणि तातीचा टुंग-टुंग आवाज. आता तो रस्त्याच्या कडेला मोटरवर चालणारं पिंजणयंत्र लावून बसतो. तीन-चार वर्षं झोपून दगड झालेली गादी उसवायची, कापूस पिंजून फुलवायचा, धूळ झाडायची आणि परत भरायची. पण कुठलाही पिंजारी तुम्हाला सांगेल की नुसता जुना कापूस चालत नाही, दोन-तीन किलो नवा घालावा लागतो, नाहीतर गादी लवकर बसते. कारण पिंजताना तंतू तुटतात, आखूड होतात.

कापडाच्या पुनर्वापराचं अख्खं तंत्रज्ञान या एका वाक्यात आहे. इथल्या कपाशीचा तंतू चांगला असला तर अठ्ठावीस-तीस मिलिमीटर भरतो. कापड दातेरी रुळांखाली फाडून त्याची परत रुई केली की बहुतेक तंतू निम्म्याहून आखूड होतात. आखूड तंतूचा पीळ नीट बसत नाही, सूत जाड आणि कच्चं निघतं. म्हणून त्यात नवा कापूस मिसळायचा, किंवा मग जाड सुताचीच वस्तू करायची: सतरंजी, पायपुसणं, घोंगडी, पडदा. तिरुपूरच्या बनियन कारखान्यांतली कातरण अशीच तमिळनाडूतल्या सूतगिरण्यांत परत जाते. कातरणीचं बरं असतं, ती एका धाग्याची, एका रंगाची, न वापरलेली असते.

वापरलेल्या कपड्यांची राजधानी पानिपत. मराठी माणसाला हे नाव ऐकून १७६१ आठवतं, पण गावाचा आजचा व्यवहार चिंध्यांचा आहे. या धंद्याचं मूळ इंग्लंडमधलं. यॉर्कशरच्या बॅटली गावात बेंजामिन लॉ याने १८१३ मध्ये लोकरीच्या चिंध्या दळून पुन्हा कापड विणलं, त्या कापडाला 'शॉडी' म्हणू लागले. पानिपतला थंड देशांतले जुने कोट-स्वेटर येतात, बरेचसे कांडला बंदरातून. ते भारतात कपडे म्हणून विकले जाऊ नयेत म्हणून आधीच कापून आणलेले असतात. बायका बसून बटणं, चेन, अस्तर उचकटतात. मग रंगानुसार ढीग: लाल लालात, निळा निळ्यात. ढीग नीट लावला तर पुन्हा रंगवावं लागत नाही, आणि रंगवणं वाचलं म्हणजे पाणीही वाचलं. भूकंप-पुराच्या वेळी मदत म्हणून वाटली जाणारी कितीतरी जाडी कांबळी याच धाग्याची. हवेत उडणारी धूळ मात्र त्या बायकांच्या छातीत जाते. चक्रीय अर्थव्यवस्थेच्या चकचकीत चित्रात ती धूळ सहसा दाखवत नाहीत.

आणि हे पानिपतसुद्धा पॉलिस्टरने हलवलं. नव्या पॉलिस्टरचं फ्लीसचं पांघरूण हलकं, मऊ, रंगीत आणि स्वस्त. शॉडीचे कित्येक कारखाने गेल्या दहा-पंधरा वर्षांत तिकडे वळले.

भारतात वर्षाला सुमारे ७८ लाख टन कापडाचा कचरा जमतो, असा अंदाज फॅशन फॉर गुड या संस्थेने २०२२ मध्ये मांडला. त्यातला ५९ टक्के काही ना काही रूपात उद्योगाकडे परत जातो. जगाच्या मानाने हे उत्तम आहे, आणि श्रेय कुठल्या धोरणाचं नाही, दारोदार जुन्या कपड्यांवर भांडी देत फिरणाऱ्या बोहारणीचं आणि चिंधीवाल्याचं आहे. पण त्यांच्या पाटीत येणारा माल दर वर्षी बिघडतोय. आज जगातल्या एकूण तंतूंमध्ये निम्म्याहून जास्त पॉलिस्टर आहे, कापूस पाचव्या हिश्श्याच्या आसपास. कापूसपिकवं तेलंगणही याला अपवाद नाही. २०१७ पासून काही वर्षं राज्य सरकारने बतुकम्माच्या सणाला बायकांना साड्या वाटल्या. सिरसिल्लाच्या यंत्रमागांना काम मिळावं हा हेतू चांगला होता आणि काम मिळालंही. साड्या मात्र बहुतेक पॉलिस्टरच्या.

निव्वळ पॉलिस्टर तरी परवडलं, ते वितळवून परत धागा काढता येतो. खरी पंचाईत मिश्रणाची. शाळेच्या गणवेशाचं ६५-३५ टेरिकॉट घ्या. त्यात दोन जातींचे तंतू एकाच सुतात पिळलेले असतात. फाडून वेगळे होत नाहीत, वितळवलं तर कापूस करपतो, मातीत टाकलं तर पॉलिस्टर उरतं. रसायनांनी वेगळे करता येतात, एक विरघळवायचा आणि दुसरा ठेवायचा. पण ते महाग पडतं, आणि आधी नीट निवडलेला माल लागतो. स्वीडनच्या रिन्यूसेल कंपनीने नव्या धाग्यासाठी जुन्या सुती कपड्यांचा लगदा करायचा मोठा कारखाना उभारला. तंत्र चाललं, गिऱ्हाइकं पुरेशी आली नाहीत, आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली. आणि 'पुनर्वापरित पॉलिस्टर' अशी चिठ्ठी लावलेला टी-शर्ट? तो जवळजवळ नेहमी पाण्याच्या बाटलीपासून केलेला असतो, जुन्या टी-शर्टपासून नाही. बाटलीची परत बाटली झाली असती. टी-शर्ट झाल्यावर तो रस्ता बंद.

मिसळ होते ती गिरणीतच असंही नाही. वेचणीला बायका पूर्वी लुगड्याची ओटी करायच्या. आता कापूस खताच्या नाहीतर बियाण्याच्या प्लास्टिक पोत्यात भरतात. त्या पोत्याचा एक सुटा धागा रुईत गेला की जिनिंगमध्ये त्याचे शंभर तुकडे होतात आणि सुताबरोबर विणले जातात. त्यांना रंग चढत नाही, तयार कापडावर पांढरे ठिपके दिसतात. गिरण्या हे तुकडे शोधायला माणसं बसवतात, कॅमेऱ्याची यंत्रं लावतात. इथे शेतात सुती झोळी दिली असती तर तो खर्च वाचला असता. पण झोळी कुणी द्यायची आणि स्वच्छ कापसाचे चार पैसे जास्त कुणी मोजायचे, यावर बाजार समितीच्या काट्यापाशी कुणीच बोलत नाही. कवडीचा कापूस आणि बिनडागी कापूस एकाच भावात जाणार असेल तर ओटी बांधायचा त्रास कोण घेईल?

पाण्याबद्दल थोडं. एका टी-शर्टला २,७०० लिटर पाणी लागतं, हा आकडा सगळीकडे छापून येतो. तो जगाची सरासरी आहे. गुडीहत्नूरची कपाशी बहुतेक कोरडवाहू, पावसावर येते. तिच्या नावावर कालव्याचं पाणी मांडणं अन्याय आहे. इथल्या कापसाच्या पाण्याचा खरा हिशेब पुढे रंगाईत लागतो. तिरुपूरच्या रंगाई कारखान्यांनी नोय्यल नदी नासवली, जानेवारी २०११ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने ते बंद करायला लावले. परत उघडले ते सांडपाण्याचा थेंबही बाहेर न सोडण्याच्या अटीवर. आता तिथे नव्वद टक्क्यांच्या वर पाणी शुद्ध होऊन परत वापरात येतं, मीठसुद्धा परत काढतात. पंचगंगेकाठच्या रंगाई कारखानदारांनी हे बघून यावं.

करता येण्याजोगं काय आहे? माझ्या मते सुरुवात गणवेशापासून करावी. गणवेश एकाच प्रकारचा, एकाच रंगाचा, ठरावीक वेळी बदलणारा, आणि एकाच ठिकाणी गोळा करता येणारा. तो एकाच तंतूचा, शक्यतो कापसाचा करा, निदान मिश्रण सोडा. पानिपतच्या बायका जे काम ढिगाऱ्यात बसून करतात ते इथे आयतं होऊन मिळेल. कापूस चुरगळतो, लवकर विटतो, महागही पडतो, हे आक्षेप खरे आहेत. पण ते हिशेबात धरताना त्याच्या पुढच्या चार पायऱ्यांची किंमतही धरायला हवी. युरोपीय संघाने जानेवारी २०२५ पासून कापडाचा कचरा वेगळा गोळा करणं सक्तीचं केलंय, नवी मुंबईत बेलापूरला महापालिकेने जुन्या कपड्यांच्या वर्गवारीचं केंद्र सुरू केलं. दोन्हीकडे पहिला प्रश्न एकच येतो: हे कापड नेमकं कशाचं आहे? चिठ्ठी केव्हाच धुऊन गेलेली असते. त्यासाठी अवरक्त प्रकाश टाकून तंतू ओळखणारी यंत्रं आली आहेत.

आजीकडे आगपेटी होती. दुकानदार 'प्युअर कॉटन' म्हणाला की ती पदराच्या टोकाचा एक धागा उपसून घ्यायची आणि दुकानाच्या पायरीवर बसून त्याला काडी लावायची. कापसाचा धागा कागदासारखा जळतो, वासही तसाच, आणि राख फुंकरीने उडते. पॉलिस्टर ज्योतीपासून आक्रसतं, वितळतं आणि टोकाला काळा कडक मणी धरतं. मिसळीचा असेल तर थोडी राख पडते, आणि तीच चिमटीत चोळली की आत खडा लागतो. खडा लागला की आजी उठायची, पदर झटकायची आणि पुढच्या दुकानाकडे चालू लागायची.